लक्ष्मीच्या खरेदीत सरस्वतीचा वाटा

वसुबारसेच्या सायंकाळी गाईवासराचे पूजन झाले, की दीपोत्सवाच्या पर्वमालिकेस आरंभ होतो. या मालिकेतील प्रत्येक दिवसाला काही ना काही खरेदीचे निमित्त आपल्या पूर्वजांनी जोडून ठेवले आहे. धनत्रयोदशीस धातूचे पात्र, लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी आणि लाह्याबत्तासे, पाडव्यास वस्त्रालंकार, भाऊबीजेस ओवाळणी. आपल्या छत्रपती संभाजीनगरात ही खरेदी पिढ्यान् पिढ्या गुलमंडी, मछली खडक, पैठण गेट आणि औरंगपुरा या भागांत होत आली. सुपारी हनुमानाचे दर्शन घ्यावे, ओळखीच्या दुकानी बैठकीवर टेकावे, घासाघीस करावी आणि पिशव्या सावरत घरी परतावे, असा तो परिपाठ. अलीकडे यातील बराच मोठा भाग हातातील फोनवरून उरकला जातो. वस्तू डोळ्यांनी पाहिली जाते ती पडद्यावर, आणि घरी येते ती पुठ्ठ्याच्या खोक्यात.

काळाप्रमाणे रीत पालटते, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी पेढीवर वहीपूजन होते. त्या वेळी चौरंगावर केवळ लक्ष्मी नसते. विघ्नहर्ता गणेश असतो आणि शारदाही असते. कोऱ्या वहीला, लेखणीला आणि दौतीला हळदकुंकू वाहिले जाते. धनाच्या देवतेच्या रात्री विद्येच्या देवतेलाही पाट मांडावा, हा संकेत मोठा अर्थपूर्ण आहे. मग ज्या सणात घरातून सर्वाधिक पैसा बाहेर जातो, त्या सणात त्या पैशातला काही अंश गावातील शाळेकडे, वाचनालयाकडे, एखाद्या सेवाभावी मंडळाकडे जावा, अशी योजना करता येणार नाही काय?

बिलाच्या तळाशी असणारी ओळ

अशी योजना आपल्याकडे नव्याने शोधून काढावयाची नाही. पश्चिम आणि उत्तर भारतातील बाजारपेठांत 'धर्मादा' नावाची एक जुनी चाल होती. मालाचा सौदा झाला, की किमतीवर अगदी अल्पशी रक्कम धर्मकार्यासाठी म्हणून आकारली जाई. बिलात तिची ओळ निराळी असे, आणि दुकानदाराच्या कीर्दखतावणीत तिचे खातेही निराळे असे. त्या खात्यातून कुठे पाणपोई चाले, कुठे धर्मशाळेची डागडुजी होई, कुठे पांजरपोळास चारा जाई, तर कुठे पाठशाळेतील विद्यार्थ्यांस अन्नवस्त्र मिळे. देणाऱ्याला भार जाणवत नसे आणि घेणाऱ्याचे काम अडत नसे.

हा पैसा नेमका कोणाचा, असा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. एका सूतगिरणीने गिऱ्हाइकांकडून घेतलेला धर्मादा हे गिरणीचे उत्पन्न मानून त्यावर कर आकारावा, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ही रक्कम आरंभापासूनच धर्मकार्यासाठी बांधलेली आहे, विक्रेता तिचा मालक नसून केवळ तिला वाट करून देणारा आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचे, तर दुकानदाराच्या गल्ल्यात असला तरी धर्माचा पैसा धर्माचाच. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म या एका निवाड्यात आहे, आणि पुढे त्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

मूठ, पैसा आणि मंगळसूत्र

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर तो अशा छोट्या वाट्यांवर उभा असल्याचे दिसते. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला, त्यामागील कल्पना इतकीच, की प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या पैशापैशातून काचेचा कारखाना उभा राहिला, जेथे तरुणांना त्या धंद्याचे शिक्षणही मिळू लागले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठी गावोगावच्या गृहिणी स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत. तोच 'मूठफंड'. आणि एकदा कोठीत काहीच उरले नाही, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून आपले मंगळसूत्रही मोडले. लक्ष्मी नावाच्या एका गृहिणीने सरस्वतीच्या लेकरांसाठी केलेला तो त्याग दीपावलीच्या दिवसांत आवर्जून आठवावा असा आहे.

आपल्या मराठवाड्याचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ज्या भाषेत घरी ओव्या आणि अभंग म्हटले जात, त्या मराठीत मुलांना शिकविणे हे अशा काळी लोकांनीच अंगावर घेतलेले काम होते. १९१५ साली या शहरात श्री सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था सुरू झाली. तिचे नावच तिचा हेतू सांगते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही याच प्रेरणेची भावंडे होत. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षकाचे काम केले, आणि पुढे त्यांनीच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्या दिवसाची पूर्वतयारी या शाळांच्या ओसरीवर झाली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुक्तीनंतर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने मान्यता पावले, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्यांना अक्षराचे दार बंद होते त्यांची मुले तेथे पदवीधर झाली. मराठवाडा विद्यापीठ आले ते त्यानंतर, १९५८ साली.

फोनमधला धर्मादा

आता नव्या रीतीकडे वळू. ऑनलाइन खरेदीतून शाळांना आणि लोकमंडळांना पैसा मिळवून देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुळली आहे. तिचा पाया संगणकाच्याही आधीचा. अमेरिकेत एका धान्यपदार्थ बनविणाऱ्या कंपनीने १९९६ साली खोक्यावर एक छोटीशी चौकट छापण्यास आरंभ केला. मुलांनी ती कात्रीने कापून शाळेत न्यावी आणि प्रत्येक चौकटीमागे कंपनीने शाळेस दहा सेंट द्यावेत, अशी ती 'बॉक्स टॉप्स' योजना. २०१९ पासून कात्री जाऊन तिची जागा फोनने घेतली. खरेदीच्या पावतीचे छायाचित्र काढले, की शाळेच्या खात्यावर रक्कम जमा होते.

ऑनलाइन दुकानांची तऱ्हा थोडी निराळी. दुकानाकडे गिऱ्हाईक आणून देणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळाला दुकान काही दलाली देते. त्या दलालीतला वाटा मध्यस्थाने गिऱ्हाइकाने निवडलेल्या शाळेस द्यावयाचा. वस्तूची किंमत वाढत नाही. दुकान जो पैसा जाहिरातीवर खर्चणार, त्यातलाच अंश शाळेकडे वळतो. ब्रिटनमधील कित्येक शाळा, क्रीडामंडळे आणि वाद्यवृंद याच मार्गाने आपला किरकोळ खर्च भागवितात.

यांतील सर्वांत गाजलेली योजना म्हणजे ॲमेझॉन कंपनीने २०१३ साली अमेरिकेत सुरू केलेली 'ॲमेझॉनस्माइल'. गिऱ्हाइकाने एकदा संस्था निवडली, की त्याच्या पात्र खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम कंपनी त्या संस्थेस देत असे. जवळपास दहा वर्षे ती चालली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ती बंद केली. दहा लाखांहून अधिक संस्थांत पैसा विखुरला जातो आणि एकेकीच्या वाट्यास फारच थोडा येतो, असे कारण कंपनीने दिले. सरासरी वाटा २३० डॉलरहूनही कमी होता म्हणे. मोठ्या संस्थांना याचे फारसे काही वाटले नसेल. परंतु एखाद्या छोट्या मंडळाच्या वार्षिक अंदाजपत्रकात २३० डॉलर ही मुलांच्या पुस्तकांची किंवा चित्रकलेच्या साहित्याची रक्कम असते. ती एका निवेदनासरशी नाहीशी झाली. देणारा होता तेथेच राहिला, घेणारी शाळाही राहिली, मधला पूल मात्र ज्याचा होता त्याने काढून घेतला.

थोडा हिशेब

येथे हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पटसंख्येच्या सरकारी शाळेला वर्षाकाठी २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान ठरविण्यात आले. खडू, नोंदवह्या, विजेचे देयक, पाण्याची टाकी, दुरुस्ती आणि स्वच्छता हे सारे त्यात भागवायचे. आपल्या जिल्ह्यातील वाडीवस्तीवरच्या शाळेचा मुख्याध्यापक ही कसरत कशी करतो, ते त्याचे त्यालाच ठाऊक. समजा, तेवढीच आणखी रक्कम आपण समाजाने उभी करावयाची ठरविली. अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने २५,००० रुपये मिळवायचे, तर ५० लाख रुपयांची खरेदी व्हावी लागेल. दिवाळीला दहा हजार रुपये खर्चणारे एक कुटुंब धरले, तर अशी ५०० कुटुंबे हवीत, आणि प्रत्येकाचा वाटा अवघा ५० रुपये.

तेच एखाद्या कुटुंबाने रुपयामागे एक पैसा स्वतःच बाजूला काढला, तर दहा हजारांच्या खरेदीवर १०० रुपये होतात. अशी २५० कुटुंबे एकत्र आली, की २५,००० रुपये उभे राहिले. सिडकोतील एखाद्या मोठ्या वसाहतीत, किंवा पैठण, वैजापूर, कन्नड येथून शहरात येऊन स्थायिक झालेल्या एका गावच्या मंडळींत एवढी घरे सहज निघतील. यासाठी कोणाच्या दलालीवर विसंबण्याचे कारण नाही. कंपनीने योजना बंद केली, म्हणून शाळेचे पुस्तक अडणार नाही. गुलमंडीवरून आणलेल्या साडीलाही हा पैसा लागू आणि फोनवरून मागविलेल्या मिक्सरलाही लागू.

गुलमंडीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. गणेशोत्सवाचे, दुर्गोत्सवाचे अथवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे वर्गणीपुस्तक हाती घेऊन कार्यकर्ते निघतात, तेव्हा त्यांची पावले प्रथम बाजारपेठेकडे वळतात. पेढीवर बसलेला शेठ कुरकुरत का होईना, पावती फाडतो. दूरच्या गोदामातून पार्सल धाडणाऱ्या कंपनीच्या दारी हे पुस्तक घेऊन कोण जाणार? खरेदी जेथून निघून जाते, तेथून तिच्या सावलीने वाढणारा दानधर्मही हळूहळू निघून जातो. म्हणून फोनवरून खरेदी करणाऱ्यावर एक जादा कर्तव्य येऊन पडते. दुकानदार जे आजवर देत आला, ते आता गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने द्यायचे.

संकल्पावाचून दान नाही

आपल्या धर्मात कोणतेही दान संकल्पपूर्वक होते. हातात पाणी घेऊन, देशकालाचा उच्चार करून, कोणास आणि कशासाठी देतो हे सांगून मग उदक सोडायचे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. देणे हे कर्तव्य आहे या बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा नाखुशीने दिलेले राजस. अवज्ञेने आणि अपात्री दिलेले तामस. ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी या अध्यायाचा अर्थ मराठीत उलगडला, ते आपल्या शहरापासून दूर नाही.

या कसोटीला फोनमधला धर्मादा लावून पाहावा. पैसे भरताना बिलात रुपया-दोन रुपयांची देणगी परस्पर मिळविलेली असते आणि आपले लक्षही जात नाही, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. अशी रक्कम चांगल्या कामी लागली, तरी ती देणाऱ्याचे दान झाली काय? गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याच्या बिलात वस्तू, सेवा अथवा धर्मादाय देणगी घुसडणे हा फसवणुकीचा प्रकार असल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धर्माचा पैसा विक्रेत्याचा नव्हे. या सूचनांनी सांगितले, की तो गिऱ्हाइकाच्या इच्छेवाचून घेताही येत नाही. दोन्ही एकत्र वाचले, की कायद्यानेही संकल्पाचेच महत्त्व मान्य केल्याचे ध्यानी येते.

दुसरेही एक भान हवे. 'या खरेदीतून शाळेला मदत होते' असे मनाला सांगत नको असलेली वस्तू घेणे, हे दान नव्हे आणि काटकसरही नव्हे. हजाराची अनावश्यक वस्तू घेऊन शाळेला पाच रुपये पोचविण्यापेक्षा ती वस्तू न घेता शंभर रुपये दिले, तर शाळेचा आणि घराचा, दोघांचाही लाभ आहे.

मग करावे काय?

प्रथम घरातील सर्वांनी मिळून वाटा ठरवावा. रुपयामागे पैसा हे प्रमाण आम्ही सुचविले. ज्याला अधिक शक्य असेल, त्याने अधिक ठरवावे. दिवाळीच्या खर्चाची यादी करतानाच शेवटी ही रक्कम लिहावी, उरल्यावर देऊ असे म्हणू नये. उरत काहीच नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

दुसरे, पात्र निवडावे. जिल्हा परिषदेच्या शाळांना लोकांनी दिलेल्या मदतीस शिक्षक 'शैक्षणिक उठाव' म्हणतात. आपण ज्या शाळेत बाराखडी गिरविली, तिच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारावे, की काय हवे आहे. या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा गरज कोणती याचे उत्तर तेथे खरे मिळते. अनेकदा मोठे संगणक नको असतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार हवे असते, किंवा गोष्टीची पन्नास पुस्तके हवी असतात.

तिसरे, पैसा थेट संस्थेच्या खात्यावर जावा आणि त्याची पावती घ्यावी. सणासुदीत फोनवर भावनेला हात घालणारे संदेश येतात, चौकटीचे चित्र टिपून पैसे पाठवा म्हणतात. पाठविण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव संस्थेचेच आहे ना, हे अवश्य पाहावे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, हेही विचारावे. त्या कार्यालयाच्या नावात आपला जुना 'धर्मादा'च नांदतो आहे. जुन्या करप्रणालीनुसार आयकर भरणाऱ्यांस पात्र संस्थेच्या देणगीवर सवलत मिळते, मात्र २,००० रुपयांवरील रोख देणगीस ती मिळत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या आप्तांनीही या कामी हातभार लावावा. त्यांच्यापैकी ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी घेण्यासाठी संस्थेला परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, तेव्हा त्याची विचारपूस आधी व्हावी.

चौथे, मंडळांनी आणि वसाहतींनी एकत्र येऊन हे काम करावे. फराळ, पणत्या, उटणे, आकाशकंदील यांची मागणी महिला बचत गटांकडे एकत्रितपणे नोंदविली, तर त्या भगिनींची दिवाळी गोड होते आणि विक्रीतला ठरविलेला अंश शाळेकडेही वळविता येतो. येथे फोनचा खरा उपयोग होतो. मागणी नोंदविणे, पैसे पोचविणे, हिशेब सर्वांपुढे ठेवणे ही कामे तो क्षणात करतो. यंत्राने हमाली करावी, संकल्प मात्र माणसाने करावा.

कोणी म्हणतील, शाळा चालविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, त्याचा भार आम्ही का वाहावा? सरकारला त्याचे कर्तव्य विचारलेच पाहिजे, त्यात कसूर करू नये. परंतु आज सहा वर्षांचे असलेले मूल पुढच्या वर्षी सात वर्षांचे होणार. अनुदान मंजूर होईपर्यंत ते वय थांबत नाही. ज्या पिढीने परक्या राजवटीत सरस्वतीचे भुवन उभारले, तिने सरकारची वाट पाहिली असती, तर आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांना मराठीत सही करता आली नसती.

पाडव्याच्या मुहूर्तावर व्यापारी नवी वही उघडतात. गृहस्थाच्या घरीही एखादी साधी वही असावी. तिच्या पहिल्या पानावर श्रीकार घालून खाली शाळेचे नाव आणि या दिवाळीच्या खरेदीतून काढलेली रक्कम लिहावी. घरातील सर्वांत लहान लिहिते मूल असेल, त्याच्या हातून ती लिहवून घ्यावी. भाऊबीजेनंतर सुटी संपून शाळा भरल्या, की त्याच मुलाला सोबत घेऊन ती रक्कम शाळेत पोचती करावी आणि पावती त्या वहीत चिकटवून ठेवावी. पुढच्या वर्षी वसुबारसेला ती वही पुन्हा काढली, की दिलेल्या पैशाचे काय झाले, ते त्या मुलालाच विचारता येईल.